सलग हरत असताना निकाल कसा वाचायचा? पोकर स्पर्धांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला राजेंद्र नगरात आमच्या घरी दर रविवारी संध्याकाळी नऊ-दहा जणांचं टेबल बसतं. पैसे लावले जात नाहीत. चिप्स असतात आणि वहीत गुण लिहिले जातात, एवढंच. यातले काही जण वर्षातून दोन-तीनदा गोव्याला जाऊन कॅसिनोतल्या स्पर्धा खेळतात, काही जण बंदी येण्याआधी ऑनलाइन खेळायचे. त्यांच्याकडून आणि त्यांच्या ओळखीतून देवास, उज्जैन, बडोद्याहून जे प्रश्न येत राहतात, ते बहुतेक एकाच दुखण्याचे असतात. मी नोकरीभर बँकेत हिशेब तपासले, त्यामुळे उत्तरं आकड्यांतून देण्याची सवय आहे. आजवर एकेकट्याला लिहिलेली ही उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

१. काका, सलग बारा स्पर्धा रिकाम्या हाताने परतलो. माझा खेळ बिघडला का?

फक्त या बारा निकालांवरून सांगता येत नाही. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. बहुतेक स्पर्धांत शंभरातल्या साधारण पंधरा जणांना बक्षीस मिळतं. म्हणजे मध्यम खेळाडू पंच्याऐंशी टक्के वेळा रिकाम्या हातानेच उठतो. असं सलग बारा वेळा होण्याची शक्यता सुमारे चौदा टक्के, सातात एक. आमच्या टेबलावरच्या नऊ जणांनी बारा-बारा स्पर्धा खेळल्या, तर त्यातल्या एखाद्याचं तरी हे बहुधा होणार. तो एखादा या वेळी तुम्ही आहात.

खेळ बिघडलेला असूही शकतो. पण ते शोधायची जागा दुसरी आहे. प्रश्न ७ पाहा.

२. "हरलो" म्हणजे नेमकं काय धरायचं? बक्षीस मिळालं तरी तोटा होऊ शकतो का?

होतो, आणि फार लोकांचा होतो. दोनदा रीएंट्री घेऊन (बाद झाल्यावर पुन्हा शुल्क भरून आत येऊन), म्हणजे तीन प्रवेशशुल्कं भरून, शेवटी सर्वांत लहान बक्षीस मिळालं तर ते शुल्काच्या दुप्पट असलं तरी एका शुल्काचा तोटाच आहे. पण सांगताना माणूस म्हणतो, "कॅश केलं!"

म्हणून वहीत तीनच आकडे आधी लिहा: किती वेळा प्रवेश घेतला, एकूण किती भरले, एकूण किती मिळाले. प्रत्येक रीएंट्री हा वेगळा प्रवेश. गोव्याचं विमान, हॉटेल, जेवण हा खर्च वेगळ्या रकान्यात. तो पोकरच्या कौशल्याचा भाग नाही, पण खिशातून गेलेलाच आहे.

३. आरओआय कसा काढतात?

आरओआय म्हणजे भरलेल्या पैशांवरचा परतावा. मिळालेल्यातून भरलेले वजा करायचे, आलेल्या आकड्याला भरलेल्याने भागायचं आणि शंभराने गुणायचं.

उदाहरण घेऊ. प्रवेश ११,००० रुपयांचा, त्यातले १०,००० बक्षिसात जातात आणि १,००० आयोजकाचे. वर्षात १४ स्पर्धा खेळल्या, त्यात ३ रीएंट्री. भरले १७ × ११,००० = १,८७,०००. दोन बक्षिसं मिळाली, २६,००० आणि १,१०,०००, म्हणजे १,३६,०००. तोटा ५१,००० आणि आरओआय उणे २७ टक्के. आता रीएंट्री "विसरून" हाच हिशेब करा: उणे १२ टक्केच दिसतो. एवढा फरक फक्त तीन न लिहिलेल्या ओळींचा आहे.

यात आणखी एक गोष्ट दडली आहे. तुम्ही अगदी मध्यम खेळाडू असाल, ना चांगले ना वाईट, तर दीर्घकाळात प्रत्येक ११,०००मागे १०,०००च परत येतील. म्हणजे मध्यम असण्याची किंमत उणे ९ टक्के. पुष्कळ जण ज्याला "वाईट काळ" म्हणतात, तो काळ नसतो. आयोजकाचा वाटा दर वेळी नेमाने कापला जात असतो, तो असतो.

४. किती स्पर्धांनंतर आपल्या आरओआयवर विश्वास ठेवायचा?

मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा आणि उत्तर ऐकून लोक सर्वांत जास्त हिरमुसतात असा प्रश्न. तरी सगळा हिशेब मांडतो, कारण एकदा तो नीट कळला की अर्धी घालमेल संपते.

शंभर जणांची स्पर्धा धरा. सोयीसाठी आयोजकाचा वाटा सोडून देऊ. शंभर शुल्कांची रक्कम पंधरा जणांत अशी वाटली: पहिल्याला २५ शुल्कं, मग १७, १२, ९, ७, साडेपाच, साडेचार, साडेतीन, ३ आणि दहाव्या ते पंधराव्याला प्रत्येकी सव्वादोन. बेरीज बरोबर शंभर.

या वाटपात मध्यम खेळाडूचा एका स्पर्धेतला निकाल सरासरीपासून किती दूर उडतो, हे संख्याशास्त्राच्या प्रमाण विचलनाने मोजलं तर ते साधारण साडेतीन शुल्कं येतं. एका स्पर्धेला! स्पर्धा वाढतात तसं हे विचलन संख्येच्या वर्गमुळाने वाढतं. म्हणजे शंभर स्पर्धांना ३५ शुल्कं.

आता खरोखर चांगला खेळाडू घ्या, ज्याचा खरा आरओआय २० टक्के आहे. शंभर स्पर्धांनंतर तो सरासरीने २० शुल्कं पुढे असायला हवा, पण भोवतालची हेलकाव्याची रुंदी ३५ शुल्कांची आहे. म्हणून असे दहा चांगले खेळाडू घेतले, तर शंभर स्पर्धांनंतर त्यातले साधारण तिघं तोट्यात असतील. त्यांनी काही चुकीचं केलेलं नसेल.

हा २० टक्के आरओआय नशिबाच्या धुरळ्यातून स्पष्ट दिसायला, म्हणजे फरक हेलकाव्याच्या दुप्पट व्हायला, बाराशे-तेराशे स्पर्धा लागतात. खेळाडूंची संख्या हजारावर गेली की पहिलं बक्षीस आणखी मोठं आणि दुर्मीळ होतं, आणि हा आकडा आणखी वाढतो. नऊ-दहा जणांच्या एका टेबलाच्या स्पर्धेत तो बराच कमी असतो.

५. वीस स्पर्धा झाल्या, एकदाही बक्षीस नाही. हे कसं शक्य आहे?

पंधरा टक्के वेळा बक्षीस मिळवणाऱ्याला ठरावीक वीस स्पर्धा रिकाम्या जाण्याची शक्यता जेमतेम चार टक्के. हा आकडा पाहून लोक घाबरतात. पण आपण वीसच स्पर्धा खेळत नाही. दोनशे स्पर्धांच्या प्रवासात कुठेतरी सलग वीस रिकाम्या जाण्याची शक्यता किती, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर साधारण दोन-तृतीयांश आहे. पाचशे स्पर्धांत सलग तीसची ओळ येण्याची शक्यताही चाळीस टक्क्यांच्या आसपास.

माझी स्वतःची सर्वांत लांब ओळ ३१ची होती. सोळाव्या-सतराव्या स्पर्धेपासून मी पत्ते उचलतानाच हरलेला असायचो. तेव्हा हा हिशेब कुणी समोर बसून करून दाखवला असता, तर पुढच्या दहा-बारा स्पर्धा तरी मी शुद्धीवर खेळलो असतो.

६. मी वर्षाला जेमतेम १५ स्पर्धा खेळतो. मग मला कधी कळणारच नाही का?

निकालांवरून, नाही. प्रश्न ४मधल्या हिशेबाने ऐंशीहून जास्त वर्षं लागतील. हौशी खेळाडूने हे एकदा मनापासून मान्य करावं असं मला फार वाटतं, कारण मग निकालाच्या मागे धावणं थांबतं.

पण काही मापं लवकर स्थिरावतात. पहिला नंबर किती वेळा आला यापेक्षा शेवटच्या टप्प्यापर्यंत किती वेळा पोचलो, हे पाहा. आपल्या होळकर संघाचं उदाहरण इंदूरकराला सांगायला नको. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत तो संघ दहा वेळा रणजीच्या अंतिम सामन्यात पोचला, जिंकला चार वेळा. सहा वेळा अंतिम सामना हरला म्हणून सी. के. नायडूंच्या त्या संघाला कुणी दुबळा म्हणेल का? दहा वेळा तिथवर पोचणं हेच त्या संघाचं खरं मोजमाप.

एक सावधगिरी मात्र हवी. बक्षिसापर्यंत पोचण्याची टक्केवारी खोटी फुगवता येते. बबल, म्हणजे बक्षिसं सुरू होण्याच्या अगदी आधीचा टप्पा, जवळ आला की सगळे हात टाकून देत बसायचं आणि सर्वांत लहान बक्षीस घेऊन उठायचं. टक्केवारी सुंदर दिसते, आरओआय बुडतो. म्हणून फायनल टेबल, म्हणजे शेवटी उरणारं एकच टेबल, किती वेळा गाठलं, हेही शेजारी लिहा.

७. मग खेळ चांगला की वाईट हे तपासायचं कसं?

निर्णय तपासून. आणि निर्णय तपासताना निकाल झाकून ठेवून.

आमच्या टेबलावर एक नियम आहे. हात, म्हणजे खेळलेला एखादा डाव, सांगणाऱ्याने समोरच्याचे पत्ते उघडण्याच्या आधी थांबायचं. ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी सक्तीने टाकायच्या चिप्स) किती, तुझ्याकडे किती चिप्स, जागा कुठली, आधी कोणी काय केलं, एवढं सांगून गप्प. मग बाकीचे आपापलं मत कागदावर लिहितात. त्यानंतरच शेवट सांगायचा. सुरुवातीला लोकांना हे जमत नाही, कारण सगळ्यांना शेवटच सांगायचा असतो. रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या सामाईक पानावर, काय घात झाला, तो!

दोन हात सांगतो. पहिला: ब्लाइंड ५००-१०००, माझ्याकडे ११,०००. मी बटणावर (पत्ते वाटणाऱ्याच्या जागी), माझ्याआधी सगळ्यांचा फोल्ड (पत्ते टाकून दिलेले), हातात एक्का-नव्वी. मी ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या. मोठा ब्लाइंड भरलेल्याकडे एक्का-राणी निघाली, मी बाहेर. दुसरा: ब्लाइंड तेच, माझ्याकडे ४०,०००. सर्वांत आधी बोलणाऱ्या, जपून खेळणाऱ्या माणसाने रेझ केलं (बोली वाढवली), मी एक्का-नव्वीवर कॉल केला (तेवढ्याच चिप्स भरल्या). फ्लॉपवर, म्हणजे पहिल्या तीन सामाईक पानांत, एक्का आला, तिन्ही वेळा मी पैसे भरत गेलो, त्याच्याकडे एक्का-राजा निघाला.

वहीत दोन्हींचा निकाल सारखाच: एक्का-नव्वी, मोठ्या एक्क्याकडून हार. पण पहिला निर्णय मी उद्याही घेईन. अकरा ब्लाइंड उरलेले असताना बटणावरून तो हात ढकलणं योग्यच होतं. दुसऱ्यात चूक फ्लॉपच्या आधीच झाली. तो कॉल करायलाच नको होता, आणि एक्का आला याला मी तेव्हा "नशीब फळफळलं" म्हणालो होतो. हरण्याच्या ओळीत हे दोन हात एकाच पोत्यात भरले जातात, आणि त्या पोत्यावर "बॅड बीट", म्हणजे नशिबाने घात केला, असं लिहिलं जातं. ते पोतं उघडून एकेक हात वेगळा काढणं हाच तपासणीचा खरा अर्थ.

प्रत्येक स्पर्धेतले तीन हात पुरे. सर्वांत मोठे नकोत, ज्यांत निर्णय घेताना तुम्ही अडखळलात ते लिहा. पंधरा स्पर्धांचे पंचेचाळीस हात होतात. तेवढ्यांतून माणसाची सवय दिसायला लागते.

८. ऑल-इनमध्ये दर वेळी मी पुढे असतो आणि तरी हरतो. याला काय म्हणायचं?

आधी "दर वेळी" हे शब्द तपासायचे. पत्ते लागण्यापूर्वी एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे जिंकते सुमारे ८२ टक्के वेळा. मधली जोडी विरुद्ध तिच्याहून मोठे दोन पत्ते हा सामना साधारण ५५-४५ असतो. त्याला "मी पुढे होतो" म्हणणं खरं असलं तरी ते नाणेफेकीपेक्षा फार वेगळं नाही. फ्लॉपवर फ्लशला (एकाच चिन्हाच्या पाच पानांना) एक पान कमी असलेला माणूस पुढच्या दोन पानांत ३५ टक्के वेळा फ्लश लावतो. तिनात एक वेळ ही काही अद्भुत घटना नव्हे.

आणि स्पर्धेत एकदा पुढे असून भागत नाही. ८० टक्क्यांचे पाच ऑल-इन सलग जिंकायचे तर शक्यता उरते ३३ टक्के. ५५ टक्क्यांचे पाच असतील तर ५ टक्के. म्हणजे दर वेळी पुढे असूनही बहुतेक वेळा बाहेर पडणं हेच नेहमीचं आहे.

तरीही खरंच नशीब वाईट आहे का, हे मोजता येतं. प्रत्येक ऑल-इनला पैसे आत गेले त्या क्षणाची टक्केवारी लिहा, आणि जिंकलो की हरलो ते. आमच्याकडच्या एका मुलाने वीस ऑल-इन असे लिहिले. टक्केवाऱ्यांची बेरीज १२.४ आली, म्हणजे बारा-साडेबारा जिंकायला हवे होते. जिंकला ८. वीस हातांत दोन-सव्वादोनचा हेलकावा साहजिक असतो, त्याचा त्याहून दुप्पट होता. असं तीस-चाळीसात एकदा होतं. त्याचं दुर्दैव खरं होतं, आणि तो आकडा पाहून तो शांत झाला, कारण आता कुणी त्याला "रडतोस कशाला" म्हणू शकत नव्हतं.

अट एकच. मागे असून जिंकलेले ऑल-इनही त्याच कागदावर आले पाहिजेत. ते आठवणीतून सर्वांत आधी पुसले जातात.

९. राजांची जोडी होती आणि समोर एक्क्यांची निघाली. ही चूक की दुर्दैव?

बहुतेक वेळा चूक नाही. तुमच्या हाती राजे असताना उरलेल्या आठांपैकी कुणाकडे तरी एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता सुमारे चार टक्के, पंचविसात एक. चिप्स फार जास्त नसतील तर ते पैसे जाणारच. प्रश्न ८च्या कागदावर मात्र हा हात १८ टक्क्यांचा म्हणून लिहावा लागतो, आणि मग तो कागद "तू वाईट खेळलास" असं खोटं सांगतो. म्हणून त्या कागदाबरोबर प्रश्न ७मधली तपासणी लागतेच.

१०. चिप्सचा हिशेब करायचा की पैशांचा? मी चिप्समध्ये फायद्याचे निर्णय घेतो, तरी पैसे घटतात.

स्पर्धेत चिप म्हणजे पैसा नव्हे, आणि इथे चांगले चांगले फसतात. समजा तिघं उरले आहेत. चिप्स ५०००, ३००० आणि २०००. बक्षिसं ५० हजार, ३० हजार, २० हजार. ज्याच्याकडे निम्म्या चिप्स आहेत त्याचा वाटा ५० हजार होईल असं वाटतं. चिप्सची पैशांतली किंमत काढणाऱ्या आयसीएम नावाच्या सर्वमान्य पद्धतीने तो येतो सुमारे ३८,४००. मधल्याचा ३२,७५०, आणि फक्त पाचवा हिस्सा चिप्स असलेल्याचा तब्बल २८,८५०च्या आसपास.

कारण सोपं आहे. सगळ्या चिप्स जिंकल्या तरी पहिल्याला ५० हजारांच्या वर काही मिळत नाही, आणि शेवटच्याला काही न करता २० हजार मिळणारच आहेत. म्हणून बबलवर किंवा फायनल टेबलवर ५५-४५चा ऑल-इन चिप्समध्ये फायद्याचा आणि पैशांत तोट्याचा असू शकतो. तुमच्या स्पर्धा बहुतेक वेळा बक्षिसांच्या उंबरठ्यावरच संपत असतील, तर तिथले कॉल काढून पाहा. स्वतः पुढाकार घेऊन केलेल्या ऑल-इनपेक्षा दुसऱ्याच्या ऑल-इनला केलेले कॉल आधी तपासा. चूक बहुधा तिथेच सापडते.

११. मला खात्री आहे, पत्ते नीट पिसले जात नाहीत.

घरच्या टेबलापुरतं तुमचं बरोबर असू शकतं! दोन गड्ड्या करून पानं एकमेकांत सोडत पिसण्याची जी पद्धत आहे, तिने ५२ पानं चांगली मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं, हे १९९२ साली डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांनी गणिताने दाखवलं. आपण घरी हातावर पानं उतरवत पिसतो, त्या पद्धतीला त्याहून कितीतरी जास्त वेळा लागतं. आम्ही आता सात मोजतो.

पण कॅसिनोत किंवा ऑनलाइन आपल्याविरुद्धच पानं येतात असं म्हणण्याआधी प्रश्न ८चा कागद भरा. शंभर ऑल-इन लिहून कुणी ही तक्रार घेऊन आलेला मला अजून भेटायचा आहे. तक्रारी आल्या त्या सगळ्या आठवणीतल्या.

१२. माझ्याबरोबर सुरू केलेले सगळे फोटो टाकतात, चषक, नोटा. मीच मागे का?

कारण बाराव्या क्रमांकाने बाहेर पडल्याचा फोटो कुणी टाकत नाही. जगभरच्या लाइव्ह स्पर्धांचे निकाल ठेवणारी हेंडन मॉब ही प्रसिद्ध यादीही खेळाडूने किती बक्षीस मिळवलं तेवढं दाखवते. त्यासाठी किती भरलं, हे त्यात नसतं. तिथे दहा लाख दिसणारा माणूस पंधरा लाख भरून बसलेला असू शकतो.

मोठ्या नावांनाही हाच नियम आहे. जॉनी चॅनने वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा १९८७ आणि १९८८ अशी लागोपाठ जिंकली, १९८९ला तो दुसरा आला. तेव्हा खेळाडू दोनशेहून कमी असायचे. २००३ साली ख्रिस मनीमेकर जिंकला तेव्हा ८३९ होते, २०२३ साली १०,०४३. दहा हजारांच्या गर्दीत लागोपाठ दोनदा जिंकण्याची अपेक्षा आज कुठलाही जाणता खेळाडू स्वतःकडून ठेवत नाही.

१३. एक मोठी स्पर्धा खेळून एकदम भरून काढू का?

नाही. मोठं शुल्क आणि मोठी गर्दी म्हणजे मोठा हेलकावा, आणि समोरचे खेळाडूही सरस. ओळ लांबण्याची शक्यता वाढते आणि प्रत्येक पाऊल महाग होतं. मागच्या बारा स्पर्धा पुढच्या स्पर्धेला माहीत नसतात. "आता तरी लागायलाच हवं" असं काही नसतं.

१४. खेळण्याची पद्धत बदलू का? जरा घट्ट खेळतो.

निकालामुळे बदलू नका. तपासलेल्या हातांत तीच चूक चार-पाच वेळा दिसली तर तेवढीच एक गोष्ट बदला आणि बदलल्याची तारीख वहीत लिहा. दर आठवड्याला नवी पद्धत धरली तर कुठलीच मोजली जात नाही.

१५. एका मोठ्या बक्षिसामुळे मी फायद्यात दिसतो. ते काढून टाकलं तर तोट्यात. खरा मी कोणता?

अवघड प्रश्न आहे. ते बक्षीस काढून टाकणं अन्यायाचं आहे, कारण स्पर्धेची रचनाच तशी आहे. प्रश्न ४च्या वाटपात पाव रक्कम एकट्या पहिल्या क्रमांकाची होती. ते वगळलं तर चांगला खेळाडूही बहुधा तोट्यातच दिसेल. पण ठेवून "मी जिंकणारा आहे" म्हणणंही तितकंच कच्चं आहे. दोन्ही आकडे शेजारी लिहा. त्यांच्यातलं अंतर जेवढं जास्त, तेवढा आपला नमुना लहान आहे असं समजा. जिंकण्याची ओळही हरण्याच्या ओळीइतकीच कमी बोलते, आणि ती तपासायला मात्र कुणी बसत नाही.

१६. कर धरून निकाल कसा पाहायचा?

हे न पाहता केलेला हिशेब अपुरा. पत्त्यांच्या खेळातल्या बक्षिसावर सरळ ३० टक्के प्राप्तिकर लागतो, उपकर वेगळा. तुमची बाकीची मिळकत किती, याने फरक पडत नाही. आणि हरलेली रक्कम किंवा त्यासाठी केलेला खर्च त्यातून वजा करता येत नाही.

वर्षात १,००,००० भरले, १,२०,००० मिळाले. आरओआय २० टक्के, म्हणजे उत्तम. कर ३६,०००. हातात ८४,०००. उत्तम खेळाडू १६,००० रुपये तोट्यात. नुसती बरोबरी साधायची तरी १,४३,००० मिळायला हवेत. आपल्या बाबतीतला नेमका हिशेब सीएकडून करून घ्या, पण कराआधीचा आकडा घरी "कमाई" म्हणून सांगू नका.

१७. जुने ऑनलाइन निकाल आणि गोव्याचे निकाल एकत्र मोजू का?

वेगळे ठेवा. गर्दी, वेग, शुल्क, समोरची माणसं, सगळंच वेगळं. शिवाय ऑनलाइनचं खातं आता बंद झालेलंच समजा. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्य की नशीब हा भेद न करता, बंदी आणली. "दुसऱ्या देशातलं अ‍ॅप चालतं" असं सांगणाऱ्यांपासून दूर राहा. बडोद्याहून विचारणाऱ्यांसाठी: गुजरात उच्च न्यायालयाने २०१७मध्ये पोकरला जुगारच ठरवलं, तेव्हा घरच्या टेबलावरही पैसे नकोत. गुणांवर खेळा. निर्णय तपासायला गुण पुरतात.

१८. भाऊजी, हे दोन वर्षं हरतायत आणि विचारलं की म्हणतात "व्हेरिअन्स आहे, तुला कळणार नाही." मी विश्वास ठेवू का?

वहिनी, वही मागा.

व्हेरिअन्स म्हणजे नशिबाचा हेलकावा. वर एवढे आकडे देऊन मी हे सांगितलं की चांगला खेळाडूही दीर्घकाळ हरू शकतो. ते खरं आहे, आणि म्हणूनच ते लपायला फार सोयीचं आहे. ज्याच्याकडे प्रत्येक प्रवेश तारखेसह लिहिलेला आहे, जो दरमहा ठरवलेल्या रकमेपलीकडे जात नाही आणि आकडे विचारल्यावर चिडत नाही, त्याच्या तोंडी तो शब्द चालतो. वही नसेल, तर तो शब्द कुठलाही हिशेब सांगत नाही. आणि तुम्हाला न कळण्यासारखं यात काहीही नाही. प्रश्न २मधले तीन आकडे बेरीज-वजाबाकीचे आहेत.

काही खुणा दिसल्या तर मात्र पोकरचा हिशेबच बाजूला ठेवा: उसने पैसे, लपवलेली कर्जं, मुलांच्या फीला किंवा घराच्या हप्त्याला हात, खोटं सांगून बाहेर जाणं, हरल्यावर लगेच "भरून काढायला" बसणं. तिथे प्रश्न चांगल्या-वाईट खेळाचा उरत नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, घरच्या माणसालाही तिथे बोलता येतं. त्यांनी फोन करण्याची वाट न पाहता तुम्ही करा.

१९. ओळ मोडली! दुसरा आलो. आता ही वही पुढे चालू ठेवायची का?

अभिनंदन. हो, त्याच पानावर, त्याच रकान्यांत. तारीख, प्रवेश किती वेळा, भरले, मिळाले, कितवे आलो, एकूण खेळाडू किती, ऑल-इनच्या टक्केवाऱ्या, आणि अडखळलेले तीन हात. जिंकलेल्या दिवसाचे तीन हात शोधायला जास्त वेळ लागतो, कारण त्या दिवशी अडखळल्याचं आठवत नाही. सराफ्यात जिलेबी खाऊन या, पण झोपण्याआधी ते लिहून ठेवा. पुढच्या रविवारी घेऊन या, शेवट न सांगता.